लंगडणारं बदक: वेगळं ठेवावं की कळपातच राहू द्यावं?

पाणकणीस

नमस्कार मंडळी. परसात सहा बदकं आहेत, पाच माद्या आणि एक नर. माद्यांमधली ठकू दोन वर्षांची. गेले चार दिवस ती डाव्या पायाने लंगडतेय. पहिल्या दिवशी वाटलं काटाबिटा रुतला असेल. पाय धुऊन तळवा नीट पाहिला, काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून चार पावलं टाकली की बसायला लागली. आज सकाळी खुराड्याचं दार उघडल्यावर बाकीच्या पाण्याकडे पळाल्या आणि ही दारातच बसून त्यांच्याकडे बघत राहिली. मग पंख पसरून, त्यांचा आधार घेत कशीबशी भांड्यापाशी पोचली, तोवर तिथे तोंड घालायला जागा उरली नव्हती.

खाणंपिणं चालू आहे. विष्ठा नेहमीसारखी. परवापर्यंत अंडंही दिलंय.

काल तासभर तिला डालग्याखाली वेगळी ठेवून पाहिली. इतकी ओरडली की आवाज बसला. पलीकडून बाकीच्याही ओरडत होत्या. शेवटी मलाच राहवलं नाही, सोडली. पण कळपात ठेवली तर ती सगळ्यांच्या मागे ओढत चालत राहते, आणि आमचा नर सरदार तिच्या पाठीवर चढतो. पळता येत नसल्यामुळे तीच त्याच्या तावडीत सापडते.

पशुवैद्यांची वेळ परवाची मिळालीय. तोवर वेगळी ठेवू की कळपातच राहू देऊ?

गोगलगाय

आधी नराला वेगळा करा! बाकीचं नंतर.

चिखलवाट

वाचतेय. माझीही एक मादी मधूनमधून पाय उचलून धरते, त्यामुळे इथली उत्तरं मलाही हवी आहेत.

खुराडेकर

गोगलगाय यांना पूर्ण अनुमोदन. पाच माद्यांना एक नर हे प्रमाण एरवी ठीक आहे, साधारण चार-पाच माद्यांमागे एकच नर ठेवतात. पण एक मादी दुखावली की हे गणित उपयोगाचं राहत नाही. ज्या चार पळू शकतात त्या पळतात आणि सगळा भार पाचवीवर येतो. नर मानेची पिसं चोचीत धरून चढतो, त्याचं सगळं वजन तिच्या पाठीवर आणि पायांवर पडतं. दुखऱ्या पायाचं मूळ कारण काहीही असो, ते यामुळे वाढणारच. पाण्यात तर आणखी धोका, कारण दमलेली मादी त्याच्याखाली बुडू शकते.

बारा वर्षं बदकं पाळतोय, त्यावरून सांगतो. बदक लंगडतंय हे नुसतं लक्षण झालं, आजार वेगळाच असतो. तापासारखंच. त्यामुळे 'लंगडण्यावर काय द्यायचं' असं विचारू नका, 'का लंगडतंय' ते शोधा. माझी पाहण्याची रीत अशी आहे.

आधी लांबून पाहा. पाय टेकतच नाही, की टेकून कचरतेय? पंजा उघडतोय, की मुठीसारखा मिटलेला राहतोय? एकाच पायाचं दुखणं आहे, की दोन्ही पाय लटपटतात? मग तिला उचला. पायाला धरून बदक कधीच उचलायचं नाही. शरीराच्या मानाने त्यांचे पाय नाजूक असतात, आणि निम्मी लंगडी बदकं पकडण्याच्या चुकीमुळे झालेली मी पाहिलीत. कोपऱ्यात वळवा, दोन्ही पंख अंगाशी दाबून धरा, एक हात पोटाखाली. मांडीवर टॉवेल टाकून बसवा आणि वरून खाली पाय चाचपा, प्रत्येक वेळी दुसऱ्या पायाशी ताडून. मागे वळलेला जो सांधा आपल्याला गुडघा वाटतो, तो खरं तर तिचा घोटा. तिथे सूज आहे का? एक बाजू दुसरीपेक्षा गरम लागते का? सुरुवातीला फरक डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागतो.

तळवा पाहिलात हे चांगलं केलंत. बोटांमधले पडदेही उजेडाकडे धरून पाहा. बारीक दोरा किंवा केस बोटाला गुंडाळलेला असेल तर तो चिखलात झाकला जातो.

रानमोगरा

मला पहिल्यांदा नायसिनच आठवलं, म्हणजे बी गटातलं एक जीवनसत्त्व. आमच्या पहिल्या पिल्लांच्या वेळी मी कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य घालत होते. तिसऱ्या आठवड्यात एक पिल्लू घोट्यांवर बसून सरकायला लागलं, पाय धनुकलीसारखे वाकले. मला वाटलं पडलं असेल. नंतर कळलं, बदकांच्या पिल्लांना किलोभर खाद्यात साधारण ५५ मिलिग्रॅम नायसिन लागतं, कोंबडीच्या पिल्लांना २७ ते ३५ पुरतं. अन्नातल्या ट्रिप्टोफॅनपासून (प्रथिनांतला एक घटक) नायसिन तयार करण्याची बदकांची ताकद फार कमी, म्हणून त्यांना ते बाहेरून मिळावंच लागतं.

ब्रुअर्स यीस्ट (बिअर बनवताना वापरतात ते यीस्ट) खाद्यावर भुरभुरायला लागले, पाण्यातून जीवनसत्त्व दिलं. दोन-तीन दिवसांत पिल्लू उभं राहिलं. वेळेत लक्षात आलं म्हणून. हाडं वाकलेल्या स्थितीत पक्की झाली असती तर कितीही दिलं तरी सरळ झाली नसती, ही रुखरुख अजून आहे, कारण त्याच्याच भावाला मी उशीर केला होता. त्याचे पाय शेवटपर्यंत वाकडेच राहिले.

खुराडेकर

रानमोगरा, पिल्लांच्या बाबतीत शंभर टक्के खरं. पण ठकू दोन वर्षांची आहे, एकाच पायाने लंगडतेय आणि ते अचानक सुरू झालंय. नायसिनची कमतरता बहुतेक वाढत्या पिल्लांत, दोन्ही पायांत आणि हळूहळू दिसते. यीस्ट दिल्याने तोटा नाही, जरूर द्यावं. फक्त ते देऊन निर्धास्त होऊ नये.

रानमोगरा

हो, ते पटलं. पिल्लांवरून एक आठवलं, इथे कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून सांगते. पिल्लांच्या खोक्यात वर्तमानपत्र अंथरू नका. पाय घसरून दोन्ही बाजूंना फाकतात आणि तसेच राहतात. खाली खरखरीत कापड किंवा रबरी जाळीदार चटई हवी. फाकलेच तर पहिल्या काही दिवसांत दोन्ही पाय मऊ पट्टीने योग्य अंतरावर बांधून सुधारतात, नंतर कठीण.

पंखवैद्य

मी पशुवैद्य आहे. न पाहता निदान करणार नाही. परवापर्यंत थांबायला हरकत नाही, पण पुढचं काहीही दिसलं तर थांबू नका, त्याच दिवशी न्या:

पाय लोंबतोय, विचित्र कोनात आहे किंवा हाड बाहेर दिसतंय. दोन्ही पाय एकदम लुळे पडले. मान टाकली. खाणं बंद झालं. शेपटी वरखाली हलवत जोर करतेय आणि अंडं येत नाही. कळपातलं दुसरं बदकही तसंच करायला लागलं.

अंडं अडकलेली मादी पुष्कळदा 'लंगडतेय' म्हणूनच दाखवायला आणतात. आत अडकलेलं अंडं पायाकडे जाणाऱ्या नसांवर दाबतं आणि मादी पाय फाकवून, अंग उभं धरून चालते. ठकूने परवापर्यंत अंडं दिलंय, पुढचं येतंय का लक्ष ठेवा. कवच पातळ किंवा मऊ आलं तर तेही सांगा. सतत अंडी देणाऱ्या मादीला कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढून घेतं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, खाद्यात मिसळू नका. ज्यांना गरज नाही त्यांच्या, म्हणजे नर आणि पिल्लांच्या, मूत्रपिंडांना जास्तीचं कॅल्शियम बाधतं.

आणि कळकळीची विनंती: घरातल्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. वेदना कमी करणारी औषधं बदकांना देता येतात आणि द्यावीतही, पण वजन करून, मात्रा ठरवून. औषध चालू असताना आणि बंद केल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत तेही डॉक्टरांना विचारून घ्या.

दोन_काठ

मूळ प्रश्न बाजूला पडतोय. वेगळं ठेवू नका, असं माझं ठाम मत आहे.

आमचा एक नर पाय मुरगळल्यावर मी त्याला आतल्या खोलीत, मऊ अंथरुणावर, अगदी आरामात ठेवलं. तीन दिवसांत त्याने खाणं सोडलं. पाय सुधारत होता, पण तो कोपऱ्याकडे तोंड करून बसायचा. चौथ्या दिवशी कळपात सोडला, त्याच संध्याकाळी खायला लागला. बदक एकटं राहण्यासाठी जन्मलेलंच नाही. आपल्या दृष्टीने विश्रांती, त्याच्या दृष्टीने तो हरवलेला असतो.

खुराडेकर

आणि माझी एक मादी कळपात ठेवल्यामुळे गेली. पाय थोडाच दुखावला होता. बाकीच्या तिला टोचायला लागल्या, ती खाद्यापासून दूर राहिली आणि मला वाटत राहिलं की ती खातेय, कारण ती भांड्याजवळ असायची. उचलली तेव्हा छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं. पिसांमुळे बदकाचं हडकणं डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सांगतो, लंगड्या बदकाचं दर आठवड्याला वजन करा. भाजी मोजायच्या काट्यावर टोपलीसकट ठेवलं तरी चालतं.

दोन_काठ

वाईट वाटलं वाचून. पण यावरून एवढंच कळतं की खाद्य वेगळं मिळायला हवं. तिला एकटी पाडायला हवं असं नाही.

पिसारा

तुम्ही दोघं एकाच गोष्टीच्या दोन बाजू सांगताय. आम्ही कळपातच, पण जाळीच्या आत ठेवलं. नेहमीच्या अंगणाच्या मधोमध कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळतं तसं जाळीचं कुंपण घातलं, वर सावली केली. आत दुखरी मादी आणि तिच्याबरोबर कळपातली सगळ्यात शांत मैत्रीण. बाकीचे जाळीपलीकडे. एकमेकींना बघतात, बोलतात, रात्री जाळीला टेकून झोपतात. चालायला मात्र जागा नाही, म्हणजे विश्रांती आपोआप होते. जागा पंख पसरून वळता येईल एवढीच ठेवायची, मोठी ठेवली तर ती फेऱ्या मारते.

मैत्रीण निवडताना आपल्या सोयीने निवडू नका. संध्याकाळी पाहा, तिच्याशेजारी कोण बसतं.

काचकवडी

पिसारा यांच्या जाळीला टेकून झोपण्यावरून आठवलं. बदकं एक डोळा उघडा ठेवून, अर्धा मेंदू जागा ठेवून झोपू शकतात. १९९९ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत मॅलार्ड या रानबदकांवरचं संशोधन आलं होतं. ओळीत बसलेल्यांपैकी कडेची बदकं मधल्यांपेक्षा बरीच जास्त वेळ अशी अर्धी झोप घेत होती, आणि उघडा डोळा बहुतेक वेळा कळपाच्या बाहेरच्या दिशेला असायचा. आपली पाळीव बदकं, मस्कोव्ही ही वेगळी जात सोडली तर, मॅलार्डचीच वंशज. मग एकट्या ठेवलेल्या बदकाचं काय होत असेल? त्याच्या दोन्ही बाजू कडेच्याच. दुखणं बरं व्हायला झोप लागते, आणि झोप यायला शेजारी कुणीतरी लागतं.

गोगलगाय

काचकवडी, हे वाचून अंगावर काटा आला. आज संध्याकाळी आमच्या ओळीत कडेला कोण बसतं ते बघणार.

पाणकणीस

सगळ्यांचे मनापासून आभार. सरदारला पलीकडच्या वाड्यात हलवलं, सोबत एक मादी दिली नाही कारण मग तिची पंचाईत. तो जाळीपाशी उभा राहून घोगऱ्या आवाजात तक्रार करतोय. ठकूसाठी जाळी लावली आणि तिच्याबरोबर बबीला ठेवलं. (पिसारा, तुमचं बरोबर होतं. मी दुसरीच निवडणार होते, पण काल संध्याकाळी पाहिलं तर ठकूच्या अंगाला अंग लावून बबी बसली होती.) दोघी आत गेल्यावर पाच मिनिटांत गप्प झाल्या. खुराडेकर, चाचपून पाहिलं, डावा घोटा उजव्यापेक्षा गरम लागतोय आणि किंचित जाड.

सुगरण

घोटा गरम आहे म्हणजे इथे हे लागू नाही, पण धागा पुढे कुणी वाचेल म्हणून लिहिते. दोन उन्हाळ्यांपूर्वी आमची एक मादी सकाळी लटपटत होती. मी पाय मुरगळला समजून तिला सावलीत बसवलं. दुपारी तिला पंख उचलता येईनात, संध्याकाळी मान जमिनीला टेकली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी. तो बॉट्युलिझम होता, म्हणजे कुजक्या गोष्टींत वाढणाऱ्या जंतूंच्या विषाची बाधा. तळ्याच्या कडेला साचलेल्या, कुजक्या, कोमट पाण्यात एक मेलेला पक्षी पडला होता आणि त्याच्यावरच्या अळ्या त्यांनी खाल्ल्या होत्या. ते विष अळ्यांना काही करत नाही, पण त्यांच्या अंगात साठतं. आधी पाय, मग पंख, मग मान. मला ते पहिल्या तासांत कळायला हवं होतं. एक वाचली, तिला ताजं पाणी थोडं थोडं पाजत, मान उशीवर ठेवून रात्र काढली.

दोन्ही पाय लुळे, सूज नाही, दुखल्याचं लक्षण नाही, आणि वरचेवर वाढतंय, असं दिसलं तर पाय बघत बसू नका. सगळ्यांना त्या पाण्यापासून आधी हलवा आणि डॉक्टर गाठा.

पंखवैद्य

सुगरण, फार महत्त्वाचं लिहिलंत. त्यात शिसं आणि जस्ताच्या विषबाधेची भर घालतो. मासेमारीची वजनं, छर्रे, जुन्या रंगाचे पोपडे, जस्ताचा मुलामा असलेले खिळे-वॉशर बदकं खडे समजून गिळतात. अशक्तपणा, लटपट आणि हिरवीगार विष्ठा दिसली तर एक्स-रे काढावा लागतो. आणि बरीच बदकं एकदम आजारी पडली किंवा मेली तर हात न लावता सरकारी पशुसंवर्धन यंत्रणेला कळवा, बर्ड फ्लूची शक्यता तपासावी लागते.

जुनी_वही

मी थोडं कठोर लिहिणार आहे. एक दिवस तुमच्यापैकी कुणाला तरी हा निर्णय घ्यावा लागेल, आणि तेव्हा सांगायला कुणी नसेल.

आमच्या एका मादीचा पाय निखळून जुना झाला होता. आम्ही पाच महिने रोज दोनदा तिला टबात पोहवलं, पोट धुतलं, पिसं वाळवली. सतत बसून छातीच्या हाडावर जखम झाली. पिसांचा तेलकटपणा गेला, पाणी आत मुरायला लागलं, माश्या बसायला लागल्या. आम्ही तिच्यासाठी करत होतो की आमच्यासाठी, हे मला आता विचाराल तर शेवटचे दोन महिने आमच्यासाठी होते. डॉक्टरांनी तिला शांतपणे निरोप दिला. ते लवकर करायला हवं होतं.

ठकूची ही वेळ नाही. पण कुठे थांबायचं हे आधी ठरवून ठेवावं, मन शांत असताना.

रानमोगरा

जुनी_वही, तुमचं दुःख पोचलं. पण वाकड्या पायांचं आमचं ते पिल्लू चार वर्षं जगलं. सावकाश चालायचं, पण पाण्यात सगळ्यांच्या पुढे. पाय वाकडा असला म्हणजे आयुष्यच गेलं असं नाही ना?

जुनी_वही

नाही, अजिबात नाही. तुमचं पिल्लू स्वतः पाण्यात जात होतं, स्वतः अंग साफ करत होतं, इतरांमध्ये होतं. आमची यातलं काहीच करत नव्हती. माझ्या लेखी फरक तो. चाल कितीही वाकडी असू दे.

चिखलवाट

हा संवाद मी वहीत उतरवून घेतलाय.

पाणकणीस

डॉक्टरांकडे जाऊन आलो. हाड मोडलेलं नाही, सांधा जागेवर आहे, घोट्याची शीर ताणली गेलीय. आत अंडं अडकलेलं नाही. कारण बहुतेक खुराड्याचा उंबरा. तो वीतभर उंच आहे आणि सकाळी सगळ्या एकमेकींना ढकलत त्यावरून उड्या मारतात. ठकू अंगाने सगळ्यांत जड. वेदनेचं औषध पाच दिवस, तीन आठवडे सक्तीची विश्रांती.

आधी ज्या दवाखान्यात फोन केला होता तिथे 'बदकाला काय औषध करायचं, दुसरं आणा' असं ऐकून घेतलं. हे डॉक्टर मात्र खाली जमिनीवर बसून तिची चाल दहा मिनिटं बघत होते.

खुराडेकर

डॉक्टर चांगले मिळाले! उंबऱ्याला उतरती फळी लावा, उतार अगदी कमी ठेवा, आणि तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोका म्हणजे पाय घसरणार नाही. जड जातीच्या बदकांना उड्या मारायची वेळच येऊ द्यायची नाही, पेकिन, एल्सबरी, रुआँ असल्या.

खाली जाड, कोरडा लाकडाचा भुसा घाला, रोज वरचा थर बदला. पेंढा वापरत असाल तर बुरशीचा वास येतो का पाहा. बुरशी त्यांच्या फुप्फुसांत जाते आणि ते दुखणं पायापेक्षा वाईट.

पिसारा

पाण्याचं भांडं इतकं खोल हवं की नाकपुड्या आणि डोळे बुडतील. बसल्या जागेवरून चोच पोचली पाहिजे. पसरट, जड, न कलंडणारं घ्या. खाद्य आणि पाणी शेजारी शेजारी, कारण बदक कोरडा घास नुसता गिळत नाही, घास-पाणी-घास असं खातं.

डॉक्टर हो म्हणाले की टबात पोहायला सोडा. पाणी इतकं खोल की पंजे तळाला लागणार नाहीत. अंगाचा भार जातो आणि पाय हलतो. सुरुवातीला दहा मिनिटं, तुम्ही शेजारी. मग पिसं पूर्ण वाळेपर्यंत गारठ्यात सोडायची नाही.

गोगलगाय

टबात सोडल्यावर ती जो आवाज काढते ना, हलका, भराभर, घशातल्या घशात? त्यासाठी मी रोज टब भरायला तयार आहे.

पाणकणीस

(बारा दिवसांनी)

डावा पाय पुष्कळ बरा. सूज गेली. टबात दोन्ही पाय सारखे मारते. पण कालपासून उभी राहिली की अंग डावीकडे टाकतेय, म्हणजे आता उजवा वाचवतेय असं वाटतं. मला काहीच कळेना. डाव्याचं दुखणं उजव्यात कसं जाईल?

खुराडेकर

उजव्या पायाचा तळवा पाहिलात का? बरा समजून आपण तो बघायचाच सोडून देतो.

पाणकणीस

पाहिला. मधल्या उशीवर मसुराएवढा काळा ठिपका आहे. धुऊन जात नाही. भोवती गुलाबी. मी रोज डावा पाय तपासत होते, उजवा एकदाही उलटा करून पाहिला नाही.

पंखवैद्य

हे बंबलफूट, सुरुवातीचं. आपल्या पायाला कुरूप होतं तसं दिसतं, पण आत जंतुसंसर्ग असतो, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस. एक पाय दुखला की पक्षी सगळं वजन दुसऱ्यावर टाकतो, तिथली कातडी दबून मरते, बारीक भेग पडते आणि जंतू आत शिरतात. जड पक्ष्यांत नेहमी घडतं. तुम्ही दुर्लक्ष केलं असं नाही, लवकर सापडलंय.

ते दाबून पिळू नका. आतला पू मऊ नसतो, घट्ट, चीजसारखा गोळा असतो, दाबल्याने संसर्ग खोल जातो. पायाला हात लावताना हातमोजे घाला, हे जंतू माणसालाही लागतात. कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट विरघळवून पाय दहा-पंधरा मिनिटं बुडवा. ते पाणी तिला पिऊ देऊ नका, जुलाब होतील. पाय कोरडा करा, पोव्हिडोन आयोडीन लावा, मऊ गॉज ठेवून हलकी पट्टी बांधा. बोटांमधून पट्टी फिरवा, पण घट्ट नको. बोटं गार किंवा सुजलेली वाटली तर लगेच सोडा. रोज बदला. पट्टी असेपर्यंत पोहणं बंद. तुमच्या डॉक्टरांना फोटो आजच पाठवा. पाय गरम झाला, सूज वर चढली किंवा ठिपका वाढला तर आतला गोळा काढणं आणि प्रतिजैविक देणं हे त्यांचं काम, घरी चाकू लावू नका.

दोन_काठ

दोघी अजून एकत्र आहेत ना? पट्टी बांधलेल्या पायाला बबी टोचतेय का?

पाणकणीस

पहिल्या दिवशी दोनदा पट्टी ओढून पाहिली. नंतर सोडून दिलं. पाय बुडवायची वेळ झाली की बबी घमेल्याच्या कडेला येऊन उभी राहते आणि मी तिला हाकलत नाही. ती दिसली की ठकू मांडीवर हलत नाही, नाहीतर मला एकटीला ते जमलंच नसतं.

काचकवडी

घमेल्यापाशी उभ्या असलेल्या बबीचा फोटो हवा.

चिखलवाट

या धाग्यामुळे मी आज सहाही बदकांचे बारा तळवे उलटे करून पाहिले. पाय उचलून धरणारीच्या तळव्यावर तसाच बारीक ठिपका सापडला. अंगणातल्या फरशीच्या तुटक्या कडा आज दुपारीच काढतेय. पंखवैद्य, तुमच्या सूचना छापून खुराड्याच्या दारावर लावल्यात.

पाणकणीस

(पाचव्या आठवड्याच्या शेवटी)

उशीर झाला, क्षमा करा. ठिपक्याची खपली निघाली, खाली नवी गुलाबी कातडी आहे, डॉक्टरांनी पट्टी बंद केली. वजन मधे घटलं होतं, ते भरून आलं. डाव्या पायाने अजून किंचित अडखळते, तेवढं राहील असं डॉक्टर म्हणाले. उतरती फळी लावली. पहिले दोन दिवस एकही तिच्यावर पाय ठेवेना, तिसऱ्या दिवशी ठकूच पहिली उतरली.

परवापासून दिवसा जाळी उघडी ठेवतेय. आधी संध्याकाळचा अर्धा तास, आता दुपारपर्यंत. टोचाटोची झाली नाही. सरदार अजून पलीकडेच आहे, आणखी महिनाभर तिथेच राहील.

आता एक नवाच प्रश्न. दिवसभर सगळ्यांबरोबर असतात, पण अंधार पडायला लागला की ठकू आणि बबी दोघी आपल्या पायाने त्या उघड्या जाळीत येऊन बसतात. खुराड्यात जायला तयार नाहीत. जाळी रात्री सुरक्षित नाही, म्हणून रोज दोघींना उचलून आत न्यावं लागतं. काय करू?

पिसारा

जाळीतला भुसा उचलून खुराड्याच्या कोपऱ्यात टाका, त्याच जागी त्यांचं पाण्याचं भांडंही ठेवा. आणि दिवसा ती जाळी दुमडून ठेवा. आधी बबीला आत न्या, ठकू तिच्या मागे येईल.

पाणकणीस

(दुसऱ्या दिवशी)

बबीला आत ठेवून मी दारापाशी थांबले. ठकू फळीच्या खालच्या टोकाशी उभी राहिली, आतून बबीचा आवाज आला आणि ती एकेक पट्टी ओलांडत चढून गेली. कोपऱ्यात दोघी आहेत. बाकीच्या तिघी त्यांच्या बाहेरच्या बाजूला.